शेवाळ काढण्यात आले आहे

काचेची टाकी घरात आणलेल्या माणसाला जग एकच प्रश्न विचारतं : मासे कुठेत?

पाणीवाल्यांना हा प्रश्न पहिल्या आठवड्यात एकोणतीस वेळा विचारला गेला. आकडा अंदाजे नाही. पाणीवाले पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते आणि अंदाजे काही सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. इमारतीत त्यांना सगळे पाणीवालेच म्हणत, कारण नळ कोरडा पडला की लोक त्यांचं दार वाजवत. नळाला पाणी आलं म्हणून मात्र आजवर कुणी दार वाजवलं नव्हतं.

"मासे नाहीत," ते सांगत.

"मग आणणार असाल."

"नाही आणणार."

"अहो, मग टाकीत आहे तरी काय?"

"शेवाळ."

इथे समोरचा माणूस एकदा टाकीकडे बघे, एकदा पाणीवाल्यांकडे बघे आणि मग फार सहानुभूतीनं त्यांच्या बायकोकडे बघे. ती म्हणे, "बघताय काय? मीही हेच म्हटलं. बाथरूमच्या कोपऱ्यात फुकट येतं म्हटलं. वीस वर्षं घासतेय म्हटलं."

आता हे सगळं सुरू झालं ते एका शब्दावरून. पाणीवाले पेनाची रिफिल आणायला गेले होते. शेजारीच मत्स्यटाक्यांचं दुकान होतं, आत गार वाटलं म्हणून घटकाभर शिरले. तिथे मागच्या एका टाकीत, खाऱ्या पाण्यात, त्यांना ती दिसली. हिरव्या बटणांची माळ उभी करून ठेवावी, तिला फांद्या फुटाव्यात, फांद्यांना पुन्हा बटणं, असं काहीतरी. वाळूत रोवलेली, वीतभर उंच.

"हिचं नाव हॅलिमेडा," दुकानदार म्हणाला. "समुद्रातलं शेवाळ. पाण्यातला चुना खाते आणि अंगात साठवते. हात लावा, कडक लागेल. पण ती नका बघू, तुम्ही मासे घ्या."

"का? ही विकायची नाही?"

"विकायची आहे हो. पण कुणाला जगत नाही. तुम्हाला तर नाहीच जगणार."

तो 'तर' पाणीवाल्यांच्या जिव्हारी लागला. घरात त्यांच्या हाताला कसलंही रोप लागत नसे, ही गोष्ट खरीच होती. त्यांच्या हातून कोरफडसुद्धा गेली होती, आणि पाणी जास्त झाल्यामुळे गेली होती, हे खात्याच्या दृष्टीनं आणखीच वाईट. पण हे या दुकानदाराला काय माहीत? कपाळावर लिहिलंय की काय? रिफिल राहिली बाजूला. पाणीवाले दोन फूट लांबीची टाकी, वाळू, समुद्री मिठाची बादली, दिवा, पंप, चाचणीच्या औषधांचा डबा आणि पिशवीत हॅलिमेडा घेऊन रिक्षातून घरी आले.

"दुकानदारानं चांगलाच चुना लावला तुम्हाला," बायको म्हणाली. तिचा राग समजण्यासारखा होता. खिडकीजवळचा तो कोपरा तिनं शिवणयंत्रासाठी धरून ठेवला होता. चार वर्षं यंत्र पलंगाखाली होतं आणि ती पलंगावर बसून हातानं टाके घालत होती. शेवटी तह झाला. तीन महिने टाकी कोपऱ्यात राहील. तीन महिन्यांत शेवाळ मेलं, तर टाकी दुकानात आणि यंत्र कोपऱ्यात. जगलं, तर ती पुन्हा यंत्राचं नाव काढणार नाही.

"लिहून दे," पाणीवाले म्हणाले.

"ऑफिस आहे का हे?" असं म्हणून तिनं लिहून दिलं.

पहिला घाव दुसऱ्याच दिवशी बसला. दुकानदारानं फोनवर बजावलं, "आणि नळाचं पाणी अजिबात घालायचं नाही हं. त्या पाण्यात काय काय असतं, देव जाणे." सव्वीस वर्षं त्या पाण्याची बाजू लिहून लिहून मांडलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि वर ऐकून गाळणीयंत्राचं पाणी आणावं लागलं. खात्यात हे कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पण एकदा मनावर घेतलं की पाणीवाले मागे हटणारे नव्हेत. त्यांनी ऑफिसात असते तशी लांब नोंदवही आणली आणि रकाने पाडले : दिनांक, खारटपणा, कॅल्शियम, नवी पानं, शेरा. रोज सकाळी ते काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेत आणि औषधाचे थेंब मोजत. गुलाबीचा निळा रंग व्हायला किती थेंब लागले, त्यावरून कॅल्शियम कळे. थेंब मोजताना घरात बोलायला बंदी होती. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि ते अकरावर विसरले. पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या दिवशी टोकाला तीन पांढरीफटक बटणं दिसली तेव्हा त्यांनी ऑफिसला दांडी मारली आणि थेट दुकान गाठलं. दुकानदार पोट धरून हसला. "अहो, नवं पान पांढरंच येतं. उजेड खाऊन दुपारपर्यंत हिरवं होतं. घरी जा." दुपारी ती बटणं खरंच हिरवी झाली. शेऱ्याच्या रकान्यात पाणीवाल्यांनी लिहिलं : 'घाबरण्याचे कारण नव्हते.'

दोन महिने सुरळीत गेले. हॅलिमेडाला सहा फांद्या फुटल्या. बायको दुरूनच म्हणू लागली, "दिवा मात्र बरा आहे हं. सुईत दोरा ओवायला." आणि कॅल्शियम तर आपोआप वाढायला लागलं. पाणीवाले काही घालत नव्हते तरी रोज आकडा चढत होता. शेरा : 'समाधानकारक.' आपल्या हातात जन्मभर दडून बसलेला गुण आता वर आला, असंच त्यांना वाटत होतं. माणसाला असं वाटायला फार पुरावा लागत नाही.

मग एका सकाळी टाकीवर फेस आला. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि सबंध खोलीत संत्र्याचा वास सुटला.

पाणीवाल्यांनी घरात चौकशी सुरू केली. त्यांच्या आईनं फार वेळ ताणलं नाही.

"मीच टाकते रोज एक गोळी," आई म्हणाली. "डॉक्टरनं मला दिल्यात ना हाडांसाठी, पाण्यात टाकल्यावर फसफसतात त्या. मला काही तो संत्र्याचा वास सहन होत नाही. तूच म्हणालास, तिला कॅल्शियम लागतं. म्हटलं, वाया कशाला घालवा. आज तर मागच्या राहिलेल्या चार एकदम टाकल्या."

"अगं आई, ती तुझी हाडं आणि हे…"

"माझी हाडं पंच्याऐंशी वर्षं टिकलीत. तिचं वय काय?"

दुकानदारानं अर्धं पाणी तातडीनं बदलायला सांगितलं. पाणीवाल्यांनी टाकीत नळी सोडली, दुसरं टोक बाथरूमच्या बादलीत ठेवलं आणि नवं मीठ कालवायला बसले. तेवढ्यात बायकोला आंघोळीला जायचं होतं. "तुमचा समुद्र जरा बाहेर घ्या," म्हणत तिनं नळीचं टोक उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. गॅलरीची मोरी तुंबलेली होती. चाळीस लिटर संत्र्याच्या वासाचा समुद्र कठड्यावरून सावकाश खाली उतरला.

खालच्या मजल्यावर निवृत्त ड्रिलमास्तर राहत. त्यांच्या गॅलरीत सात गुलाब होते, उंचीप्रमाणे एका रांगेत, दोन कुंड्यांत एक हाताचं अंतर. आठवड्याभरात सातही गुलाबांनी माना टाकल्या. पाणीवाले माफी मागायला गेले, नव्या कुंड्या आणून देतो म्हणाले. पण ड्रिलमास्तरांनी वाळूवर फेऱ्या मारायला लावून पोरं घडवली होती. ते माफीवर मिटवणारे नव्हते.

ड्रिलमास्तरांना तक्रारी लिहायचा नाद होता आणि पाणीखात्यावरच्या तक्रारी ते पाणीवाल्यांच्याच हाती देत. ऑफिसला जातातच, मग पोस्ट कशाला? त्या सोमवारी जिन्यात त्यांनी नेहमीसारखा लिफाफा पुढे केला.

"एवढं घेऊन जा. आणि पोच आणा."

"कुणाविरुद्ध आहे?"

"तुमच्या."

पाणीवाल्यांनी लिफाफा घेतला आणि खिशात नीट ठेवला. दुसरा कुणी असता तर कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून मोकळा झाला असता. पाणीवाल्यांच्या मनाला तो विचार शिवला हे खरं, पण शिवून लगेच निघून गेला. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी शिक्का मारला, नोंद क्रमांक घातला आणि संध्याकाळी ड्रिलमास्तरांना पोच नेऊन दिली.

'वरच्या मजल्यावरून शेवाळयुक्त पाणी सोडले जाते. शेवाळ त्वरित काढावे.' शेवाळाच्या तक्रारीला खात्यात ठरलेला रस्ता होता. राहणाऱ्याला नोटीस, सात दिवसांची मुदत, मग एका ठरलेल्या वाक्यानं प्रकरण बंद. ते वाक्य होतं : 'शेवाळ काढण्यात आले आहे.' सव्वीस वर्षांत पाणीवाल्यांनी ते वाक्य किती वेळा लिहिलं असेल, याचा आकडा मात्र त्यांच्याकडे नव्हता. कधी शेवाळ खरंच काढलेलं असे, कधी नसे. कुणी बघायला जात नसे. पाणीवालेही कधी गेले नव्हते.

त्यांनी स्वतःच्या नावानं नोटीस काढली. शिपायानं ती टेबलाच्या अलीकडून पलीकडे नेली आणि सही घेतली. त्याच दुपारी पाणीवाल्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला. कारण : 'मुदतीनंतर सहा दिवसांनी तीन महिने पूर्ण होत आहेत.' अर्ज त्यांच्याकडेच आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शेरा मारला : 'कारण ग्राह्य नाही.' नियम म्हणजे नियम. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

खात्यात नव्या आलेल्या इंजिनिअर मॅडमना मुदत संपल्यावर हे कळलं तेव्हा त्यांनी फाईल मागवली.

"अहो, एवढं काय त्यात? लिहून टाका ना, 'शेवाळ काढण्यात आले आहे.' सही करते मी."

"पण काढलेलं नाही, मॅडम."

"मग काढून टाका."

"काढणार नाही, मॅडम."

मॅडमनी फाईलवरून मान वर केली. या हेडक्लार्कच्या तोंडून 'नाही' हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी सकाळी मी स्वतः बघायला येते. पण तक्रारीत तथ्य असेल तर तुमच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडेल. सव्वीस वर्षांत एकही नाहीये म्हणे?"

"एकही नाही," पाणीवाले म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याचा फारसा अभिमान वाटला नाही.

शनिवार म्हणजे एकोणनव्वदावा दिवस. रविवारी तीन महिने पुरे. शेरा पडला तर पडू दे, पण रविवारपर्यंत हिला काही होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं. आईच्या गोळ्या कुलपात गेल्या. आईही कुरकुर न करता, नाक दाबून त्या प्यायला लागली. हॅलिमेडा तर अशी वाढली होती की टाकीचा तो भाग झुडपानं भरल्यासारखा दिसे.

शुक्रवारी सकाळी पाणीवाले चहाचा कप घेऊन टाकीजवळ गेले आणि तिथेच उभे राहिले. पाणी हिरवंगार, पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या हिरव्यात हॅलिमेडा उभी होती, टोकापासून बुडापर्यंत पांढरी. नवी पानं पांढरीच येतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते दुपारपर्यंत थांबले. ऑफिसात रजा कळवली, खुर्ची घेऊन टाकीसमोर बसले. दुपार झाली. एकही बटण हिरवं झालं नाही. हात लावला तर एक फांदी खडूसारखी मोडून बोटात आली.

फोनवर दुकानदारानं पाण्याचा रंग तेवढा विचारला.

"गेली ती," तो म्हणाला. "पूर्ण मोठी झाली की कधीकधी अशी जाते. अंगातलं सगळं हिरवं बीज म्हणून पाण्यात सोडते. मागे नुसता चुना राहतो. तुमचं काही चुकलं नाही, साहेब. माझ्याकडे आजवर एकही तेवढी मोठी झाली नाही. पाणी बदला, वाळूला हात लावू नका. बाकी काही करता येत नाही."

पाणीवाल्यांनी पाणी बदललं, नळी या वेळी स्वतः धरून बसले. नोंदवहीत 'दिवस ८८' एवढंच लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझ्याच गोळ्यांनी गेली रे ती." ते म्हणाले, "नाही गं आई, तुझ्या गोळ्यांनी वाढली होती." बायकोच्या हातात सकाळपासून मोजपट्टी होती, तिनं ती गुपचूप खणात ठेवून दिली आणि दिवसभर शिवणयंत्राचा विषय काढला नाही. हे सगळ्यात जास्त लागलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मॅडम आल्या. मागून ड्रिलमास्तर आले, छाती काढून, चष्मा पुसून, हातात तक्रारीची प्रत.

मॅडमनी टाकीत पाहिलं. "हे तर मेलंय."

"हो, मॅडम."

"मग प्रश्नच मिटला! हा सांगाडा उपटून टाका आणि लिहा तेवढं वाक्य. खोटंही होणार नाही, तुमच्या पुस्तकात शेराही पडणार नाही." मॅडमना खरोखरच बरं वाटलं होतं. त्यांनी पेन काढून पुढे धरलं.

पाणीवाल्यांनी बाही दुमडली. जन्मभर जे वाक्य हात ओला न करता लिहिलं, ते खरं करायला त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पांढरी माळ मुठीत धरली. ओढली. येईना. बुडाला वाळू घट्ट धरून बसली होती ती. त्यांनी डोळे मिटले आणि जोर लावला.

"हॉल्ट!"

ड्रिलमास्तर असे गरजले की मॅडमच्या हातातलं पेन पडलं आणि आई खुर्चीवरून उठून उभी राहिली. पाणीवाल्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"मॅडम, हे बघा! इकडे बघा!" ड्रिलमास्तरांनी काचेला नाक लावलं होतं. "मेलंय म्हणे! कुठे मेलंय? सांगाड्याच्या मागे, दोन बोटं सोडून, वाळूत काय आहे ते? हिरवं आहे! माझी दृष्टी अजून शाबूत आहे म्हटलं. शेवाळ आहे, जिवंत आहे, माझी तक्रार खरी आहे!"

सगळे वाकले. वाळूतून एक हिरवं बटण वर आलं होतं. त्याच्या डोक्यावर दुसरं, डाळीएवढं, पांढरं, आजच फुटलेलं. जुनीच्या दाट झुडपामागे ते इतके दिवस कुणाला दिसलं नव्हतं.

"आहे गं बाई!" बायको ओरडली आणि तिनं सासूचा हात धरला. आई तर ड्रिलमास्तरांच्या गालावरून हात फिरवायला निघाली. "देव तुमचं भलं करो, मास्तर!" तक्रार सिद्ध झाली म्हणून आरोपीच्या घरच्यांनी तक्रारदाराला असं डोक्यावर घेतलेलं ड्रिलमास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. ते विश्राममध्ये उभे राहिले.

पाणीवाल्यांनी हात बाहेर काढला, पुसला, जमिनीवरचं पेन उचललं आणि फाईल मांडीवर घेतली. मॅडम हळूच म्हणाल्या, "नीट विचार करा हं. सव्वीस वर्षं."

"केलाय," पाणीवाले म्हणाले आणि त्यांनी लिहिलं :

'समक्ष पाहणी केली. तक्रार खरी आहे. शेवाळ काढण्यात आलेले नाही. शेवाळ जिवंत आहे.'

खाली त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून ड्रिलमास्तरांनी केली, ठसठशीत. मॅडमनी दोनदा वाचलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि खाली लिहिलं : 'खाऱ्या पाण्याचा या खात्याशी संबंध नाही. हे पहिल्याच दिवशी न पाहिल्याबद्दल हेडक्लार्क यांना समज देण्यात येत आहे.' मग सही करून गोल शिक्का मारला. पाणीवाल्यांच्या नोकरीच्या पुस्तकात पहिला शेरा पडला, आणि त्यांनी मॅडमना दुसरा चहा घ्यायला लावला.

रविवारी शिवणयंत्र पलंगाखालून निघालं. ते टाकीच्या शेजारी बसलं, कारण दिवा सुईत दोरा ओवायला चांगला होता आणि कोपरा मोजल्यावर दोघांना पुरेसा निघाला. हे तीन महिन्यांपूर्वी मोजलं असतं तर, असं बायको म्हणाली. ड्रिलमास्तरांच्या गॅलरीत सात नवे गुलाब पाणीवाल्यांनी स्वतः नेऊन ठेवले, दोन कुंड्यांत एक हात अंतर सोडून. पाणी मात्र ड्रिलमास्तरांनी त्यांना घालू दिलं नाही.

सोमवारी पाणीवाले रिफिल आणायला गेले आणि शेजारच्या दुकानात शिरले. त्यांनी त्या कागदाची साक्षांकित प्रत काउंटरवर ठेवली. दुकानदारानं वाचली. शिक्का पाहिला. इंजिनिअरची सही पाहिली, साक्षीदाराची पाहिली. मग मागच्या टाकीकडे बघितलं. तिथे आता नुसती वाळू होती.

"माझी मागच्याच आठवड्यात गेली, साहेब," तो ओशाळून म्हणाला. "तुमचं ते नवं जरा मोठं झालं की एक फांदी द्याल का?"

पाणीवाल्यांनी प्रतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशावरून एकदा हात फिरवला.

"अर्ज करा," ते म्हणाले.